स्लो कुकरमधला सफरचंदाचा क्रिस्प: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर-ऑक्टोबर आला की न्यू जर्सी, न्यूयॉर्क, मिशिगनकडची मराठी कुटुंबं मुलाबाळांसह सफरचंदाच्या बागांत जातात आणि अर्ध्या बुशेलची, म्हणजे साधारण ९ किलोंची, पिशवी भरून घरी येतात. पहिले चार दिवस डब्यात फोडी जातात, कोशिंबिरीत पडतात, मग पिशवीला कुणी हात लावत नाही. प्रश्न तिथून सुरू होतात. भारतात स्लो कुकर घेतलेले किंवा तिकडून आणलेले लोकही विचारतात, त्यांच्या अडचणी जरा वेगळ्या असतात. सगळे इथे एकत्र केले आहेत. क्रिस्प म्हणजे मऊ शिजलेल्या फळावर ओट्सचा कुरकुरीत थर असलेला गोड पदार्थ. आधी साधे, मग अडवणारे.

बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट सापडेल: स्लो कुकरमधून पाणी बाहेर जात नाही. फळात ते आधीच भरपूर असतं.

१. स्लो कुकर म्हणजे नेमकं काय? आपल्या प्रेशर कुकरमध्ये हेच होत नाही का?

चिनी मातीचं जाड भांडं, त्याच्याभोवती विजेवर तापणारं कवच आणि वर काचेचं सैल झाकण, एवढंच यंत्र. भांडं हळूहळू तापतं, आतला पदार्थ काही तासांनी उकळीच्या जरा खाली पोहोचतो आणि तिथेच राहतो. शिट्टी नाही, दाब नाही. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून डाळ पटकन शिजते. त्याच दाबात सफरचंदाच्या फोडीचा पाच मिनिटांत लगदा होतो. फोड अख्खी राहून आतपर्यंत मऊ व्हायला हवी असेल तर मंद आच लागते.

हे यंत्र मुळात फळांसाठी नव्हतं. शिकागोच्या इर्विंग नॅक्सन यांना त्याचं पेटंट १९४० मध्ये मिळालं आणि त्यांनी ते शेंगांच्या बिया, म्हणजे बीन्स, शिजवायला विकलं. १९७० मध्ये त्यांची कंपनी कॅन्सस सिटीच्या ‘रायव्हल’ने घेतली आणि १९७१ मध्ये ते ‘क्रॉक-पॉट’ या नावानं बाजारात आलं. बीन्स आणि मांस यांना पाणी लागतं. स्लो कुकरबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत ‘किमान एवढं पाणी घाला’ असं लिहिलेलं असतं, ते अशा पदार्थांसाठी. फळाला ते लागू नाही.

२. मूळ कृती एकदा मापासकट सांगा.

साडेतीन ते चार लिटरच्या कुकरला, ६ ते ८ जणांसाठी: सव्वा किलो सफरचंदं (मध्यम आकाराची ७-८), ८० ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस, दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोअर (अमेरिकेत कॉर्नस्टार्चचा डबा घ्या, तिथलं कॉर्नफ्लोअर वेगळं असतं), एक छोटा चमचा दालचिनीची पूड, चिमूटभर मीठ आणि एक मोठा चमचा लोणी किंवा तूप.

भांड्याला आतून तुपाचा हात फिरवा. सफरचंदं सोलून, मधला कठीण गाभा काढून, बोटाएवढ्या जाड फोडी करा. फोडींना आधी लिंबाचा रस चोळा. साखर, कॉर्नफ्लोअर, दालचिनी आणि मीठ कोरडंच एकत्र करून फोडींवर भुरभुरवा आणि हातानं हलकेच कालवा, म्हणजे प्रत्येक फोडीला पांढरा लेप बसेल. भांड्यात भरा, वर लोण्याचे तुकडे टाका. भांड्याच्या तोंडावर कोरडं सुती कापड ताणून धरा, त्यावर झाकण ठेवा आणि कापडाची टोकं झाकणावर दुमडा. ‘हाय’ या जास्त आचेच्या बटणावर दोन ते अडीच तास.

दोन तास झाले की काचेतून बघा. काठाशी दाट रसाचे संथ बुडबुडे येत असतील आणि कडेच्या फोडी पारदर्शक दिसत असतील तर झालं. सुरी घातली की अडू नये, पण फोड तुटूही नये. मग कुकर बंद करा, झाकण काढा आणि २० मिनिटं तसंच राहू द्या. रस याच वेळात आळतो. वाढताना वर कुरकुरीत थर, तो प्रश्न ८ मध्ये आहे.

दालचिनीऐवजी वेलची-जायफळ घातलं तर पदार्थ एकदम आपल्या घरचा वाटतो. वेलचीची पूड मात्र शेवटी घाला, दोन तासांत तिचा वास उडून जातो.

३. पाणी खरंच अजिबात घालायचं नाही? तळाला लागत नाही का?

अजिबात नाही. सफरचंदात ८५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. सव्वा किलो फोडी म्हणजे एक लिटरभर पाणी तुम्ही आधीच भांड्यात घातलेलं आहे. साखर लागली की फोडींना पाणी सुटायला लागतं. कालवून दहा मिनिटं ठेवलंत तर भांड्याच्या तळाशी ते दिसेलही. गॅसवर उघड्या कढईत हे पाणी वाफ होऊन उडून जातं. इथे ती वाफ झाकणाला लागते, तिचं पुन्हा पाणी होतं आणि कडेनं परत आत उतरतं.

आच इतकी मंद असते की तळाला लागायच्या आत रस सुटतो. भीती वाटत असेल तर तुपाचा हात जरा सढळ फिरवा, पण पाणी नको. ‘सगळं छान झालं पण चव पाणचट’ अशी तक्रार येते, तिच्यामागे बहुतेक वेळा ‘सुरुवातीला नुसतं अर्धी वाटी’ घातलेलं पाणी असतं. सफरचंदाचा रस किंवा संत्र्याचा रस घालणं म्हणजेही पाणीच घालणं.

४. कुठली सफरचंदं घ्यायची?

घट्ट आणि आंबट-गोड. अमेरिकेत ग्रॅनी स्मिथ, हनीक्रिस्प आणि पिंक लेडी शिजल्यावरही फोड धरून ठेवतात. मी निम्मी ग्रॅनी स्मिथ आणि निम्मी हनीक्रिस्प घेते: एकीचा आंबटपणा, दुसरीचा गोडवा. गोल्डन डेलिशस त्याहून मऊ होतं पण चवीला छान. मॅकिंटॉश विरघळतं. बागेतून तीच आणली असतील तर त्यांचा सॉस करा, या पदार्थाला ती घेऊ नका. रेड डेलिशस दिसायला लालचुटूक, शिजवल्यावर मात्र बेचव.

भारतात ऑगस्ट ते नोव्हेंबर हा काश्मीर आणि हिमाचलच्या ताज्या मालाचा काळ, तेव्हा करा. फळवाल्याकडे दाबून बघा. बोट रुतलं तर ते सफरचंद पिठूळ आहे, नको. मार्च-एप्रिलमध्ये मिळणारी बरीच सफरचंदं शीतगृहातली असतात आणि त्यांतली पुष्कळशी पिठूळ झालेली. आपल्याकडची सफरचंदं बहुधा गोड असतात, म्हणून साखर ८० वरून ५० ग्रॅमवर आणा आणि लिंबू दीड घ्या. बाहेरून आलेली हिरवी सफरचंदं मिळाली तर दोन-तीन तरी मिसळा, चव उठते.

५. सालं काढायलाच हवीत का?

हो. सालीत पोषण असतं हे खरं, पण मंद आचेवर साल विरघळत नाही, फोडीपासून सुटून गुंडाळी होते आणि तोंडात येते. नऊ किलो सफरचंदं समोर असतील तर सोलाणं चांगलं धारदार घ्या.

६. ‘हाय’ आणि ‘लो’ यांत फरक काय? लोवर जास्त चवदार होतं का?

बहुतेक कुकरमध्ये दोन्हींचं शेवटचं तापमान जवळपास सारखंच असतं. लोवर तिथे पोहोचायला वेळ जास्त लागतो. फळाला या जास्तीच्या वेळाचा फायदा नाही. कोमट तापमानात फोडी बराच वेळ राहिल्या की रंग तपकिरी होतो आणि कॉर्नफ्लोअरही नीट आळत नाही, कारण त्याला जवळजवळ उकळी लागते. म्हणून फोडींसाठी हाय. कामावर जायचं आहे आणि लोच हवं असेल तर साडेतीन ते चार तास धरा, कॉर्नफ्लोअर सुरुवातीला न घालता शेवटच्या अर्ध्या तासात दोन चमचे गार पाण्यात कालवून घाला आणि तेव्हा कुकर हायवर करा. पाण्याला एवढीच एक मुभा.

मध्येच झाकण उघडून बघू नका. एकदा उघडलं की साठलेली उष्णता जाते आणि १५-२० मिनिटं वाढतात. काच त्यासाठीच आहे. कापडामुळे मधलं दिसत नाही, पण कडेचे बुडबुडे दिसतात.

७. झाकणाखाली कापड कशासाठी? पेटणार नाही ना?

उकडीच्या मोदकांच्या किंवा ढोकळ्याच्या भांड्याला आपण झाकणाला फडकं बांधतो, तेच कारण: वाफेचं पाणी पदार्थावर ठिबकू नये. प्रश्न ३ मधलं झाकणावरून परत येणारं पाणी हे कापड टिपून घेतं. दोन तासांनी ते काढाल तेव्हा पिळता येईल इतकं ओलं असतं. एवढं पाणी रसात जायचं वाचलं.

कापड सुती आणि कोरडं असावं. पंचा घडी करून चालतो. टोकं झाकणावर दुमडून ठेवायची, बाहेरच्या तापणाऱ्या कवचाला किंवा ओट्यावर लोंबू द्यायची नाहीत. कुकर चालू असताना घरात कुणीतरी असावं. घर रिकामं असेल तर कापड लावू नका. त्याऐवजी शेवटची २० मिनिटं झाकण जरा तिरकं ठेवून वाफ जाऊ द्या.

८. वरचा थर कुरकुरीत होतच नाही. ओट्स ओलेच राहतात. काय चुकतं?

तुमचं काही चुकत नाही. कुरकुरीत व्हायला पृष्ठभागावरचं पाणी उडून जावं लागतं, आणि हे यंत्र पाणी उडू देत नाही. ‘स्लो कुकर क्रिस्प’च्या अनेक कृतींत ओट्सचं मिश्रण सुरुवातीलाच फळावर पसरायला सांगतात. त्यानं गोड, मऊ, लापशीसारखा थर मिळतो. काहींना तो आवडतोही. पण कुरकुरीत हवं असेल तर माझं स्पष्ट मत आहे: थर कुकरमध्ये घालूच नका, कढईत वेगळा करा.

जाड बुडाच्या कढईत ७० ग्रॅम लोणी वितळवा. त्यात ६० ग्रॅम कणीक घालून मंद आचेवर भाजा. आधी ती लोण्यात चिकट गोळ्यासारखी असते, पाच-सहा मिनिटांत सैल होते आणि बेसनाच्या लाडवाच्या वेळी येतो तसा खमंग वास सुटतो. तो आला की ९० ग्रॅम ओट्स आणि मूठभर जाडसर कुटलेले बदाम किंवा अक्रोड घाला. ओट्स जाड, अख्ख्या चपट्या पाकळ्यांचे घ्या; झटपट शिजणारे बारीक ओट्स पिठूळ होतात. आणखी पाच मिनिटं परता. गॅस बंद करून मग ६० ग्रॅम ब्राउन शुगर किंवा गुळाची पावडर मिसळा. आच चालू असताना घातली तर ती वितळून सगळ्याचे खडे होतात. ताटात पसरून गार करा. गार झाल्यावरच कुरकुरीत होतं, गरम असताना मऊच लागेल.

हे मिश्रण घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर सहज राहतं. वाढताना प्रत्येकाच्या वाटीत फळावर घाला. पाहुणे येणार असतील तर थर आदल्या दिवशीच करून ठेवा, आयत्या वेळी काहीच काम उरत नाही.

९. साखरेऐवजी गूळ चालेल? मध?

गूळ चालतो. बारीक चिरून तितक्याच वजनाचा घ्या. रंग गडद होतो आणि चवीला दालचिनीपेक्षा सुंठ-वेलची जास्त शोभते. गुळाला स्वतःचा ओलावा असतो, म्हणून कॉर्नफ्लोअर अर्धा चमचा वाढवा.

मध कुकरमध्ये घालू नका. तासन् तास तापवून त्याचा सुगंध जातो, आणि मध तापवू नये असं आयुर्वेदही सांगतो. आवडत असेल तर वाटीत, कोमट फळावर, वरून सोडा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कुठल्याच रूपात द्यायचा नाही.

साखर पूर्ण वगळली तर? फोडी लवकर विरघळतात. साखर फोडीचा आकार धरून ठेवायला मदत करते, लिंबूही. बिनसाखरेचं करायचं असेल तर फोडी जाड ठेवा आणि दीड तासानंतर लक्ष ठेवा.

१०. दूध, क्रीम किंवा नारळाचं दूध आतच घातलं तर?

फाटेल. फळाचं आम्ल आणि तासन् तासांची उष्णता यांपुढे दूध टिकत नाही. क्रीम, बासुंदी, रबडी, व्हॅनिला आइस्क्रीम, काय हवं ते वाढताना. गरम फोडींवर गार बासुंदी फार सुंदर लागते, पण दोन्ही वाटीतच भेटू द्या. नारळाचं घट्ट दूध कुकर बंद केल्यावर, वाफ निवल्यावर मिसळता येतं.

११. सफरचंदाऐवजी दुसरी फळं चालतील का?

पुष्कळ चालतात, पण प्रत्येकाचा वेळ वेगळा. खालच्या सगळ्या वेळा हायवरच्या आहेत.

नाशपाती सर्वांत जवळची. किंचित कच्चट घ्या, दोन तास. अमेरिकेत बॉस्क जातीची फोड सर्वांत चांगली राहते. पीच जुलै-ऑगस्टमध्ये, दीड तास. उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट बुडवून गार पाण्यात टाकलं की साल हातानं निघते. पीचला पाणी जास्त सुटतं, कॉर्नफ्लोअर दोन चमचे.

पेरू या पद्धतीनं उत्तम होतो आणि फार कमी लोक करून बघतात. पिकलेला पण घट्ट पेरू घ्या, चार भाग करा, बियांचा मऊ गर चमच्यानं काढा. तो गर टाकू नका: गाळणीतून घासून बिया काढा आणि फोडींवर ओता, रस त्यानंच दाट होतो. दोन तास. आतून गुलाबी पेरू असेल तर रंगही सुरेख येतो. ताजे पुरंदरचे अंजीर मिळाले तर दोन भाग करून, निम्म्याच साखरेत, फक्त एक तास.

अननस चालतो, दोन तास, आणि शिजवल्याचा एक फायदा असा की मग त्यावर क्रीम किंवा दही घालता येतं. कच्च्या अननसातलं पाचक द्रव्य दुधातल्या प्रथिनांना तोडतं, त्यानं कडवटपणा येतो. उष्णतेनं ते निकामी होतं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी एकट्या घेतल्या तर नुसता रस उरेल. सफरचंद शिजत आलं की शेवटची ४५ मिनिटं मूठभर टाका. ताज्या क्रॅनबेरी, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला, सफरचंदाबरोबर सुरुवातीपासूनच घालता येतात, पण साखर वाढवावी लागते. केळी शेवटच्या २० मिनिटांत. आधी घातली तर काळपट आणि चिकट होतात. चिकू विरघळतो.

हापूस यात घालू नका. त्याची सगळी मजा सुगंधात आणि तो मंद आचेवर टिकत नाही. सीताफळ तर मुळीच नको, ते तापवलं की कडू होतं. म्हणूनच सीताफळ बासुंदीतही गर दूध गार झाल्यावर घालतात.

१२. फ्रीजरमधली किंवा डब्यातली फळं?

गोठवलेली फळं आधी चाळणीत ठेवून पूर्ण वितळू द्या आणि सुटलेलं पाणी बाजूला काढा. ते पाणी वेगळं आटवून शेवटी घालता येतं. तशीच गोठलेली घातली तर कुकर तापायला फार वेळ लागतो आणि पाणीही सगळं आतच. डब्यातली फळं पाकातून निथळून घ्या. ती आधीच शिजलेली असतात, तासभर पुरे, साखर नको.

१३. उपवासाला चालेल असं करता येईल?

हो. कॉर्नफ्लोअरऐवजी आरारूट किंवा शिंगाड्याचं पीठ, साध्या मिठाऐवजी सैंधव किंवा मीठ नाहीच, दालचिनीऐवजी वेलची. वरच्या थरासाठी तुपात राजगिऱ्याचं पीठ भाजा, त्यात भाजलेल्या दाण्यांचं जाडसर कूट, थोडं सुकं खोबरं आणि गूळ. राजगिऱ्याच्या लाह्या मिळाल्या तर त्या अगदी शेवटी मिसळा. शेंगदाण्यामुळे हा थर मला ओट्सच्या थरापेक्षाही जास्त आवडतो. काय चालतं याचे नियम घरोघरी वेगळे असतात, तुमच्याकडचं मोठ्यांना विचारून घ्या.

गहू न चालणाऱ्यांसाठीही हाच थर योग्य. सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्यांचा आजार) असलेल्यांनी ओट्स घ्यायचे असतील तर ग्लुटेनमुक्त असं लिहिलेलेच घ्यावेत.

१४. मधुमेह असलेल्या सासऱ्यांना देऊ का?

साखर वगळली तरी फळाची साखर जागेवर असते, आणि मनुका किंवा खजूर घालून गोड केलं तर ती आणखी वाढते. ‘बिनसाखरेचं’ म्हणून मोठी वाटी भरून देऊ नका. लहान वाटी, वर साखर न घातलेला दाणे-बदामांचा थर, आणि किती व कधी हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून.

१५. माझा कुकर ६ लिटरचा आहे आणि घरात आम्ही दोघंच.

भांडं निम्मं ते दोन तृतीयांश भरलेलं असावं असा हिशेब असतो. फोडींचा पातळ थर मोठ्या भांड्यात लवकर शिजतो आणि कडेनं करपू शकतो. एक तर पूर्ण माप करा, उरलेलं ठेवता येतं (प्रश्न १९). नाही तर आत बसेल असा काचेचा किंवा स्टीलचा खोल डबा ठेवा, त्यात फोडी भरा आणि डब्याबाहेर बोटभर पाणी घाला. अर्ध्या मापाला हायवर दोन-सव्वादोन तास लागतील. इथे पाणी फळात नाही, बाहेर आहे, त्यामुळे प्रश्न ३ मोडत नाही. कापड मात्र विसरू नका.

दुप्पट माप करताना वेळ दुप्पट होत नाही, ४० मिनिटं ते तासभर वाढतो. अर्ध्या वाटेवर एकदा खालच्या फोडी वर करा, तेवढ्यासाठी झाकण उघडायला हरकत नाही.

१६. रात्री लावून सकाळी तयार मिळेल का?

फोडी मिळणार नाहीत. लोवर आठ-दहा तासांनी सगळं विरघळून दाट तपकिरी होतं. पण तेच हवं असेल तर तो वेगळा पदार्थ आहे: अ‍ॅपल बटर, ज्याची पेनसिल्व्हेनियाच्या जर्मन वंशाच्या लोकांत जुनी परंपरा आहे. नावात बटर असलं तरी त्यात लोणी नसतं. कॉर्नफ्लोअर आणि तूप वगळा, रात्रभर लोवर ठेवा, सकाळी घुसळून झाकण तिरकं करा आणि पाणी उडून चमच्यावर गोळा राहीपर्यंत दोन-तीन तास हायवर आटवा. पोळीला लावून मुलं आवडीनं खातात. बागेतल्या त्या पिशवीतली डागाळलेली, मऊ पडलेली सफरचंदं यातच संपवावीत.

१७. रस पातळ राहिला. किंवा उलट, लगदा झाला. आता?

पातळ रस: झाऱ्यानं फोडी बाजूला काढा, रस लहान पातेल्यात ओतून गॅसवर मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटं आटवा, परत फोडींवर घाला. आणखी कॉर्नफ्लोअर घालण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण आटवल्यानं चव दाट होते, कॉर्नफ्लोअरनं नुसता रस. त्याआधी २० मिनिटं थांबून बघितलंत ना? गरम असताना तो पातळच दिसतो.

लगदा झाला असेल तर घोटून घ्या, केशर-वेलची घाला, गार करून चक्क्यात मिसळा. सफरचंदाचं श्रीखंड होईल.

१८. मध्येच वीज गेली तर?

घरी असाल तर अर्धा तास झाकण न उघडता थांबा, जाड भांडं उष्णता धरून असतं. त्याहून जास्त वेळ गेली तर फोडी जाड बुडाच्या पातेल्यात काढून गॅसवर मंद आचेवर पूर्ण करा. बाहेर होतात आणि वीज किती वेळ नव्हती हेच माहीत नाही, पदार्थ अर्धवट कोमट आहे, तर तो टाकून द्या.

ज्यांच्याकडे स्लो कुकरच नाही त्यांनीही हाच मार्ग घ्यावा: जाड पातेलं, खाली तवा, घट्ट झाकण, अगदी बारीक गॅस, ३५ ते ४५ मिनिटं. इथे मात्र तळाला लागू शकतं, म्हणून दोन चमचे पाणी घाला आणि दहा मिनिटांनी एकदा हलवा.

१९. उरलेलं किती टिकतं? भांडं तसंच फ्रीजमध्ये ठेवू का?

फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने, दोन्हीकडे थर वेगळा ठेवून. पण डब्यात काढून. चिनी मातीचं जाड भांडं फ्रीजमध्ये हळूहळू गार होतं आणि सकाळी तेच थंडगार भांडं तापत्या कवचात ठेवलं की तडकतं. गरम भांड्यात गार पाणी ओतल्यावरही तेच. आधी निवू द्या, मग कोमट पाण्यानं धुवा.

२०. इन्स्टंट पॉटचं ‘स्लो कुक’ बटण चालेल का?

चालतं, पण हा विजेवरचा प्रेशर कुकर तळाकडूनच तापतो, स्लो कुकर कडेनंही. त्याच्या ‘लेस’ या कमी आचेवर फळ नीट शिजत नाही, ‘मोअर’ म्हणजे जास्त आच निवडा आणि वेळ अर्धा-पाऊण तास जास्त धरा. त्याचं दाबाचं झाकण वाफ आणखी पक्की कोंडतं. त्याऐवजी काचेचं साधं झाकण आणि खाली कापड लावा. तळाच्या फोडी आधी मऊ होतात, एकदा हलक्या हातानं खालीवर करा.

२१. अमेरिकेतून आणलेला कुकर पुण्यात फक्त पिन बदलून लावला तर?

लावू नका. तो १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३० व्होल्ट. व्होल्टेज दुपटीच्या जवळ गेलं की उष्णता पावणेचार पटींच्या जवळ जाते: २०० वॉटचा कुकर सातशेहून जास्त वॉट ओढतो. तार जळते, भांडं तडकतं, आग लागू शकते. पिनेचा अडॅप्टर फक्त आकार बदलतो, व्होल्टेज नाही. प्रवासातले छोटे कन्व्हर्टर थोडा वेळ चालवायला असतात, सलग तीन तास नाही.

कुकरच्या बुडाशी चिकटवलेली पट्टी वाचा. १२० लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो कुकरच्या वॉटच्या दुप्पट क्षमतेचा घ्यावा. तो जड असतो, महागही पडतो. त्यापेक्षा २३० व्होल्टचा नवा कुकर इथेच घेणं बरं, आणि जुन्या कुकरचं भांडं व झाकण लोणच्या-मुरंब्यासाठी ठेवा. आकार जुळतो म्हणून ते भांडं दुसऱ्या कंपनीच्या कवचात वापरू नका.

उलट दिशेनं, भारतातला कुकर अमेरिकेत नेला तर धोका असा नाही, पण त्याला जेमतेम पाव उष्णता मिळते. फोडी दिवसभर कोमट बसून राहतात आणि शिजत नाहीत.